कुलूप कोणाचं? बडोद्याच्या जुन्या घरांच्या वारसांना खुलं पत्र

दांडिया बाजार, रावपुरा, घडियाळी पोळ आणि आसपासच्या बंद घरांच्या सर्व वारसांस,

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी कोणी पुण्यात आहे, कोणी नागपुरात, कोणी न्यू जर्सीत. एक जण तर इथेच, गोत्रीला. तुमची आपसात बोलचाल असेल-नसेल, सिटी सर्वेच्या प्रॉपर्टी कार्डावर मात्र तुम्ही अजून एकाच आजोबांच्या छत्राखाली नांदता आहात. म्हणून वेगवेगळी पत्रं न लिहिता सगळ्यांना मिळून हे एकच लिहिते.

मी गेलं दीड वर्ष या भागात घर शोधते आहे. भाड्याचं नाही, विकत. नवरा रावपुऱ्यात चष्म्याच्या दुकानात कामाला आहे आणि मी कोठीजवळ एका वकिलांकडे कारकून आहे, त्यामुळे कागदांची भाषा मला थोडीफार कळते. कळत नसती तर कदाचित एवढ्यात एखाद्या दलालानं मला काहीतरी विकलंही असतं.

आम्ही नदीजवळच्या समा भागात तळमजल्यावर भाड्यानं राहत होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी पस्तीस फुटांच्या वर गेली. काळा घोड्याच्या पुलाशी धोक्याची पातळी सव्वीस फूट आहे, म्हणजे काय झालं असेल ते तुम्हीच समजा. दोन दिवस आम्ही वरच्या मजल्यावरच्या पटेलकाकांकडे होतो. खाली आलो तेव्हा फ्रीज आडवा झाला होता आणि मुलाच्या दप्तरातून गाळ निघाला. जुन्या बडोद्यातही पाऊस तुंबतो, नाही असं नाही. पण तासा-दोन तासांनी ते पाणी आपली वाट काढून जातं, घरात मुक्कामाला येत नाही. जुन्या लोकांनी वस्ती कुठे करायची हे नदीकडे बघून ठरवलं होतं. आपण ब्रोशर बघून ठरवतो.

तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, तू चालत दुकानात जाशील, मी चालत कोठीला जाईन, भाजी खंडेराव मार्केटातून येईल. गावाबाहेर नव्या स्कीममध्ये दोन खोल्या आणि दोन स्कूटर घेण्यापेक्षा त्याच पैशात आतलं एखादं जुनं घर घेऊ. तो हसला. म्हणाला, आतली घरं विकत मिळत नाहीत, वारसानं मिळतात. त्याचं म्हणणं दीड वर्षानंतरही खोटं पाडता आलेलं नाही, म्हणून हे पत्र.

ज्या गल्लीत मला घर हवं आहे तिथली दुपार तुम्ही कदाचित विसरला असाल. कोपऱ्यावर लग्नपत्रिका छापणारा, त्याच्या माथ्यावर सिंधी कुटुंब, पलीकडे बोहरी काकांचं नळाच्या सामानाचं दुकान, मग एक मारवाडी घर, मग तीन मराठी घरं. त्यातलं एकच उघडं, आणि त्यात एकट्या आजी. ओटल्यावर (आपण बडोदेकर ओट्याला ओटलाच म्हणतो, पुण्याचे पाहुणे त्यावर हसतात) कोणी ना कोणी बसलेलं. गणपतीत आवाज, नवरात्रात आवाज, मोहरमला आवाज, आणि एरवी स्कूटरचे हॉर्न. पार्किंग नाही. अँब्युलन्स तोंडाशीच थांबते आणि माणसाला खुर्चीत बसवून चौघं उचलून नेतात. हे सगळं बघून, दोन वेगवेगळ्या वेळी तिथे जाऊन, रात्री अकरा वाजता उभं राहून मी ठरवलं आहे. मला गल्लीबद्दल गोड स्वप्नं नाहीत. मला तिथे राहायचं आहे, एवढंच.

आता तुमच्याकडे येते.

पहिलं घर मला आवडलं होतं. अजून आवडतं. पुढे दुकानाचे दोन गाळे, मागे चौक, वर माडी. कोरलेल्या तुळया, चुन्याची भिंत, कौलं. एका कोपऱ्यात वाळवीनं खांब पोखरला आहे, पण तो बदलता येतो. मी मिस्त्रीला नेऊन प्रत्येक तुळई ठोकून बघितली. सामाईक भिंत कोणाच्या बाजूला झुकली आहे, शेजाऱ्याच्या पन्हाळीचं पाणी कुठे पडतं, मोरीचा पाइप कोणाच्या हद्दीतून जातो, हेही पाहिलं. गल्लीत ही भिंत म्हणजे नवऱ्यापेक्षा जुनं नातं असतं. एकानं आपलं घर पाडलं की दुसऱ्याचं उघडं पडतं. या सगळ्यातून घर पास झालं. नापास झालं ते कार्डावर.

कार्डावर आजोबांचं नाव. आजोबा १९७१ साली गेले, मृत्युपत्र न करता. त्यांना चार मुलगे, तीन मुली. घर आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं, त्यामुळे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं सातांनाही सारखा हिस्सा आला, आजींचा वाटा नंतर याच सातांत विरघळला. लग्न होऊन गेलेल्या मुलींचाही हिस्सा, हे मुद्दाम लिहिते, कारण तुमच्यातल्या एका काकांनी मला फोनवर सांगितलं की "आत्यांचा प्रश्न येत नाही, त्यांची लग्नं आमच्या वडिलांनी केली." काका, लग्न केल्यानं हिस्सा संपत नाही. सातपैकी पाच जण गेले. त्यांची मुलं, सुना, नातवंडं धरली तर आज एकवीस सह्या लागतात. पन्नासहून जास्त वर्षांत एकदाही कोणी वारसाई नोंदवली नाही. नोंदवली असती तर प्रत्येक पायरीला चार-पाच सह्यांत काम झालं असतं.

एकवीसपैकी तेरा जण तयार आहेत. चार जण "बाकीचे करतील तसं" म्हणतात. दोघांचे पत्ते कोणाकडेच नाहीत. एका ताईंना फक्त देव्हारा हवा आहे आणि तो कोणी नेला हे त्यांना माहीत आहे, असं त्या म्हणतात. शेवटच्या एकांनी फोनच उचलला नाही.

तेव्हा तुमच्यातल्याच एका हुशार भाच्यानं सुचवलं, "तुम्ही आमच्या तेरा जणांचे हिस्से घ्या, बाकीच्यांचं कोर्टातून बघू." त्याला वाटलं मला कळणार नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ असं सांगतं की कुटुंबाच्या राहत्या घरातला अविभक्त हिस्सा बाहेरच्यानं घेतला तर त्याला घरच्यांबरोबर एकत्र ताबा मागता येत नाही. तो फार तर वाटणीचा दावा लावू शकतो. आणि दावा लावला की १८९३ च्या वाटणी कायद्याखाली घरचा कोणीही हिस्सेदार उभा राहून म्हणू शकतो, हिचा वाटा कोर्ट ठरवेल त्या किमतीला मीच घेतो. म्हणजे माझे पैसे गेले, वर्षं गेली, आणि घर पुन्हा तुमच्याकडे. कायदा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. राहत्या घरात परका घुसू नये म्हणूनच तो आहे. फक्त तुमच्या घरात आता राहतं कोण? कबुतरं.

मला माहीत आहे, तुम्हाला ही कटकट वाटते. मृत्यूचे दाखले गोळा करा, तलाठ्यासमोर पंचांच्या सह्यांचा पेढीनामा (म्हणजे वारसांची वंशावळ) करा, सिटी सर्वेत वारसाई चढवा. ज्यांना हिस्सा नको त्यांनी हक कमीचा लेख करून द्या. परदेशातल्यांनी कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवायचं आणि ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायचा. ही मुदत निसटल्यामुळे तेच कागद दुसऱ्यांदा मागवलेले मी आमच्या कचेरीत बघितले आहेत. न्यू जर्सीच्या दादांना आणखी एक सांगायचं आहे, कारण ते शेवटच्या क्षणी चिडतात. विकणारा परदेशस्थ असेल तर त्याच्या वाट्यावर खरेदीदारानं कर कापून सरकारात भरायचाच असतो, रक्कम कितीही छोटी असो. इथे राहणाऱ्यांना व्यवहार पन्नास लाखांच्या खाली असेल तर हा प्रश्न येत नाही. त्यामुळे दोन भावांच्या हातात सारख्या हिश्श्याचे वेगवेगळे पैसे पडतात, आणि मधल्या मध्ये खरेदीदार चोर ठरतो. कमी कर कापण्याचा दाखला आयकर खात्याकडून आधी काढता येतो. तो तुम्ही काढायचा आहे, मी नाही.

दुसऱ्या घराचे कागद देवासारखे स्वच्छ होते. वारसाई झालेली, एकच मालक, कर भरलेला. किंमत चाळीस लाख ठरली, चहा झाला, आणि मग ते म्हणाले, पंचवीसचा दस्तावेज, पंधरा रोख.

मी त्यांना त्यांच्याच वहीच्या मागच्या पानावर हिशेब करून दाखवला. चाळीसचा दस्तावेज केला तर बँक नियमानं ऐंशी टक्क्यांपर्यंत देऊ शकते, म्हणजे बत्तीस. आम्ही आठ घालायचे. पंचवीसचा केला तर तीस लाखांच्या आतलं म्हणून नव्वद टक्के, म्हणजे साडेबावीस. मग अडीच अधिक पंधरा, साडेसतरा लाख मी आणायचे कुठून? मुद्रांक शुल्क आपल्याकडे ४.९ टक्के आहे, पंधरा लाखांवर ते सुमारे साडेत्र्याहत्तर हजार वाचतं. नोंदणी फी एक टक्का, पण दस्तावेज बाईच्या नावानं असेल तर तीही माफ. म्हणजे खरेदीदाराची बचत पाऊण लाखाच्या आत, आणि त्यासाठी साडेनऊ लाख जास्तीचे उभे करायचे. वर १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेता येत नाही. दंड घेणाऱ्याला, आणि घेतली तेवढ्याच रकमेचा. ते म्हणाले, "ताई, सगळे असंच करतात." सगळे म्हणजे कोण? जे रोख आणू शकतात ते. पगारावर जगणारं माणूस अशा व्यवहारात बसतच नाही. मग घर जातं गोदाम करणाऱ्याकडे, तो माडी उतरवतो, पत्रे ठोकतो, आणि तुम्ही दिवाळीत येऊन म्हणता, आपला मोहल्ला किती बदलला.

तिसऱ्या घराबद्दल लिहू की नको, हे चार दिवस ठरत नव्हतं.

तिसऱ्या घराच्या दलालानं पहिला प्रश्न विचारला, आडनाव काय. दुसरा, मासे खाता का. मासे खातो असं सांगितल्यावर तो जरा थांबला, मग म्हणाला, चालेल, मराठी आहात. घर बघितलं. तिथेच मला कळलं की माझ्या आधी आमच्याच कचेरीतली एक मैत्रीण, दाऊदी बोहरा, हे घर बघून गेली होती. पूर्ण रक्कम चेकनं द्यायला तयार होती, कर्जही न काढता. तिला सांगितलं गेलं की घर विकायचं नाही. मला सांगितलं गेलं की लवकर करा.

हे दलालानं मनानं केलं असेल असं मला आधी वाटलं. मग त्यानं मला व्हॉट्सॲपवरचा निरोप दाखवला. तो तुमच्यापैकी एकाचा होता, बाराशे मैलांवरून पाठवलेला. तुम्ही त्या गल्लीत शेवटचे राहिलात त्याला तीस वर्षं झाली, आणि शेजारी कोण असावा हे तुम्ही ठरवता आहात.

तुम्ही लगेच अशांत धाऱ्याचं, म्हणजे गुजरातच्या अशांत क्षेत्र कायद्याचं, नाव घ्याल, म्हणून त्याबद्दलही. १९८६ मध्ये आधी एक कायदा आला, १९९१ मध्ये आत्ताचा आला. दंगलींच्या भीतीनं लोक मिळेल त्या किमतीला घरं टाकून पळत होते, ते थांबावं म्हणून. अधिसूचित भागात घर विकायचं तर कलेक्टरांची आधी परवानगी लागते, विकणारा कोणीही असो, घेणारा कोणीही असो. मराठ्यानं मराठ्याला विकलं तरी लागते. त्यात मुख्य दोन गोष्टी बघायच्या असतात, विक्री राजीखुशीनं आहे ना आणि किंमत वाजवी आहे ना. बडोद्याच्याच एका दुकानाच्या विक्रीत गुजरात उच्च न्यायालयानं २०२० मध्ये हेच सांगितलं. प्रत्यक्षात शेजाऱ्यांचे जबाब घेतले जातात, महिने जातात, आणि कायद्याचं नाव पुढे करून लोक अर्ज करायच्या आधीच नाही म्हणतात. कायद्यानं तुम्हाला घाबरून विकण्यापासून वाचवायचं होतं. विकण्याची भीती वाटावी हा त्याचा उद्देश नव्हता. अर्ज करायला काय हरकत होती? नाकारला असता तर कलेक्टरांनी नाकारला असता, तुम्ही नाही.

दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात तुमचे वडील, काका गेले असतील. आमच्या घरातले गेले. आखाड्याचं नाव मुसलमान उस्तादाचं आणि तो नावारूपाला आणला त्यांचे शिष्य माणिकराव यांनी. गुरूचं नाव दारावर तसंच ठेवलं. त्या नावाखालून आत जाऊन दंड-बैठका मारणाऱ्यांच्या मुलांनी आडनाव विचारावं, याचं मला वाईट वाटतं. ते घर मी घेतलं नाही. मोठेपणा केला असं समजू नका, मैत्रिणीसमोर रोज बसून डबा खायचा असतो.

अजून दोन-तीन घरं झाली, ती पटकन सांगते. एक तांबेकर वाड्याच्या जवळ होतं. भित्तिचित्रांचा तो वाडा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, त्यामुळे शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम नाही, पुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगीनं. जुन्या घराची दुरुस्ती परवानगी घेऊन करता येते. विकणारे हे तोंड पाडून सांगत होते, मला उलट बरं वाटलं, म्हणजे शेजारी सहा मजले उठणार नाहीत. पण त्याच घराला बँकेनं कर्ज नाकारलं, मंजूर नकाशा नाही म्हणून. त्या काळच्या घराचा मंजूर नकाशा कुठून आणणार? एकाचा भाडेकरू १९४७ च्या भाडे कायद्याच्या काळापासून तळमजल्यावर, महिना बावीस रुपये. तो पागडी मागतो, मालक म्हणतो तुम्हीच बघून घ्या. एक घर चांगलं होतं, ते माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्यानं घेतलं. त्याचा राग नाही. तो तिथे राहायला आला.

आता माझी गोष्ट, कारण ती न सांगता हे पत्र पाठवणं अप्रामाणिकपणाचं होईल. माझ्या आईचं माहेर इंदूरला, मल्हारगंजात. तिथलं घर असंच. आई गेली तेव्हा तिचा हिस्सा मला आणि भावाला आला. माझ्या मामेभावानं हक त्यागाचे कागद पाठवले होते, त्याला ते घर दुरुस्त करून राहायचं होतं. ते पाकीट माझ्या कपाटात नऊ वर्षं होतं. भांडण नव्हतं, पैशाची हाव नव्हती. सही केली की आईचं माहेर संपलं, असं काहीतरी वाटत असावं. मी प्रत्येक वेळी "पुढच्या महिन्यात नक्की" म्हणायचे, अगदी तुमच्यासारखं, आणि तो प्रत्येक वेळी "काही घाई नाही ताई" म्हणायचा. त्याला घाई होती. या फेब्रुवारीत मी इंदूरला जाऊन सही करून आले. रजिस्ट्रीच्या कचेरीत दीड तास लागला. मामेभावाचे केस पांढरे झाले होते आणि माडी दोन पावसाळ्यांपूर्वी पडली होती.

तेव्हा पहिल्या घराच्या एकवीस जणांना. चाळीस लाखांची माझी बोली अजून आहे, पूर्ण चेकनं, पूर्ण दस्तावेजानं. पेढीनाम्याचा मसुदा मी टाइप करून ठेवला आहे, त्याचे पैसे घेणार नाही. ज्या दोघांचे पत्ते नाहीत त्यांच्यापैकी एका आत्यांच्या मुलाचा पत्ता गल्लीतल्या एकट्या आजींकडे निघाला, त्यांना तो दर दिवाळीला कार्ड पाठवतो. देव्हाराही सापडला आहे, बोहरी काकांच्या गोदामात आहे. पूर आला त्या आठवड्यात कौलं गळत होती म्हणून त्यांनी तो उचलून नेऊन कोरड्यात ठेवला. ताईंनी कोणाचं नाव घेतलं असेल त्याची माफी मागावी.

आणि एक. तुम्ही सांगितलंत की चावी समोरच्या शिंप्याकडे आहे. गेल्या मंगळवारी मी मिस्त्रीला घेऊन गेले, शिंप्यानं चावी दिलीही. लागली नाही. जुन्या कुलुपाच्या वर कोणीतरी नवं, पितळी कुलूप लावलं आहे. शिंपी म्हणतो, तुमच्यापैकीच एक जण रविवारी दुपारी येऊन लावून गेला, त्यानं तोंड ओळखलं नाही. मिस्त्री तोडायला तयार होता, मी नको म्हटलं. नव्या कुलुपाची चावी कोणाकडे आहे ते आधी एकमेकांना विचारा, आणि मला कळवा. मी संध्याकाळी सहानंतर रावपुऱ्यात चष्म्याच्या दुकानात असते.

आपली,
अजून शेजारीण न झालेली एक